आईंना येणारा वास

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे हात जोडतानासुद्धा हा विषय मी टाळते — त्याला ठाऊकच असणार, उगाच कशाला उगाळा, असं म्हणून. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही आमच्या घरी येणार नाही. आईंच्या तोंडाकडे बघायची वेळ तुमच्यावर येणार नाही.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. मूळच्या मालवणच्या, पण जन्म सगळा घाटकोपरात गेला. घरात मालवणीच बोलतात. आम्ही तिघंच — त्या, माझा नवरा सुहास आणि मी. आमचं घर म्हणजे दीड खोलीला दोन खोल्या म्हणायचं, एवढंच. स्वयंपाकघराला लागूनच बाथरूम, मध्ये एक भिंत. बाथरूममध्ये गॅसचा गिझर. त्याचा धूर बाहेर न्यायला एक पत्र्याचा पाइप, आणि तो पाइप वरच्या छोट्या खिडकीतून इमारतीच्या मधल्या डक्टमध्ये सोडलेला.

तर आईंना बाथरूममध्ये वास यायला लागला. रोज नाही. कधी यायचा, कधी नाही. जळका, डोळ्यांना झोंबणारा. अंघोळ करून आल्या की डोकं धरून बसायच्या. "माका परत वास इलो गो," म्हणायच्या. मी म्हणायचे, आई, देवनारचा असेल, वारा फिरला की येतोच ना कचऱ्याचा. त्यावर त्या माझ्याकडे अशा बघायच्या, की देवनारचा वास मला शिकवतेस? खरंच होतं त्यांचं. पण वास म्हटला की आमच्याकडे देवनारवर ढकलायची सोय आहे, आणि मी ती वापरली.

मग शोधमोहीम सुरू झाली. गिझरवाला आला, नळीला साबणाचं पाणी लावून बघितलं, गळती नाही. तरी नळी बदलून गेला. प्लंबरने न्हाणीच्या जाळीत ॲसिड ओतलं, त्या वासाने आम्ही तिघंही खोकलो. डक्टमध्ये उंदीर मेलाय का म्हणून सुहास बॅटरी घेऊन जिन्यातल्या खिडकीला लटकला, आणि त्याचे पाय धरून मी उभी. डांबराच्या गोळ्या झाल्या, धूप झाला. मजा म्हणजे शोधायला कुणी आलं की वास गायब! दुपारी गिझर चालू करून बघायचे, सगळं झकास. आई खजील व्हायच्या. सुहास हसून म्हणायचा, आई, तुझ्या वासाला माणसं आवडत नाहीत.

आता मूळ गोष्टीकडे येते. यायला जड जातंय.

त्याच्या थोडं आधी मी स्वयंपाकघरात चिमणी बसवली होती. शेगडीवरची, विजेची, धूर ओढून घेणारी. सगळ्या मैत्रिणींकडे होती. मासळी तळून तशीच ऑफिसला जायचं, आणि लिफ्टमध्ये लोकांनी नाक वळवायचं — कंटाळले होते मी. पण चिमणीचा पाइप बाहेर काढायला भिंतीला भोक पाडावं लागतं. आमच्या सोसायटीने नुकताच इमारतीला बाहेरून रंग दिला होता. सेक्रेटरींनी साफ सांगितलं, रंगाला हात लावायचा नाही. मी फिटरला म्हटलं, मग बाथरूमच्या माळ्यावरून ने आणि त्याच खिडकीतून काढ, गिझरचा पाइप जातो तिथूनच. तो नको म्हणत होता, दोघांना एकाच भोकातून काढू नये म्हणाला. मी म्हटलं, तू काढ रे, माझं घर आहे ना? त्याने काढला, वर प्लायवूड ठोकून सगळं झाकलं. सुहासने विचारलं, सोसायटीची परवानगी घेतलीस ना? मी म्हटलं, हो.

एवढंसं खोटं. असं वाटतं ना?

एका रविवारी मी अंघोळीला गेले होते आणि सुहास बाहेर ऑम्लेट करत होता. चिमणी सुरू झाल्याचा घरघराट ऐकला, आणि पाठोपाठ तो वास माझ्या नाकात शिरला. चिमणीच्या झोताने गिझरचा धूर मागे फिरून आत येत होता, वर आमच्याच कांद्याचा वास. डोळ्यांतून पाणी आलं. त्या क्षणी मला सगळं कळलं. सकाळी माझ्या फोडणीच्या वेळी आईंची अंघोळ आली की वास, नाही आली की नाही. कसली भुताटकी नव्हती, काही नव्हतं. चिमणी होती.

बाहेर आले तर आई दारातच. माझे लाल डोळे बघून त्यांचा चेहरा उजळला हो! "इलो मा वास तुका?" किती आशेने विचारलं त्यांनी. मी म्हटलं, नाही हो आई, साबण गेला डोळ्यांत.

का? परवानगीचं खोटं उघडं पडेल म्हणून? प्लायवूड उचकटावं लागेल, सुहास बोलेल, म्हणून? इतकी माणसं बोलावून झाल्यावर चूक माझीच निघाली, याची लाज म्हणून? सगळंच. मनात ठरवलं, आई अंघोळीला असताना चिमणी लावायची नाही. प्रश्न मिटला! पण तेव्हापासून मीच त्या स्वयंपाकघरात अडकले. एक कान बाथरूमच्या कडीकडे, एक हात चिमणीच्या बटणाकडे. कडी वाजली की बंद, परत वाजली की चालू. आपल्याच घरात चोरासारखी स्वयंपाक करत होते.

आणि मग ती सकाळ. सुका जवळा परतायला घेतला होता. ऑफिसात मोठी मीटिंग, केस धुतलेले, इस्त्रीचे कपडे अंगावर. कडी वाजली. मी ऐकली. पुढे कितीतरी दिवस मी स्वतःला सांगत होते, की घाईत विसरले. विसरले नव्हते. कपड्यांना वास लागेल म्हणून चिमणी चालू ठेवली. आज होऊ दे थोडा त्रास, एक दिवसाने काय होतंय, असं वाटलं — आणि कुठेतरी रागही होता. रोज त्यांच्या कडीच्या तालावर नाचायचा राग.

आत धप्प आवाज झाला.

हे लिहिताना हात थांबतोय. मी आधी दाराकडे धावले नाही. आधी चिमणी बंद केली. मग स्वयंपाकघराची खिडकी उघडली. मग ओरडले.

सुहासने कडी तोडली. आई खाली पडलेल्या, कपाळातून रक्त. हवा लागल्यावर डोळे उघडले त्यांनी. हॉस्पिटलात डॉक्टरांनी नेमकं विचारलं, घरी गॅसचा गिझर आहे का? वास, धूर, काही जाणवतं? सुहासने माझ्याकडे बघितलं. किती सोपं होतं तेव्हा! एक वाक्य. मी म्हटलं, आम्हा दोघांना कधीच काही जाणवलं नाही, यांनाच भास होतात. आई खाटेवरून ऐकत होत्या. त्या धुरातलं जे खरं मारतं, त्या कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो, हे मी नंतर वाचलं.

पुढे भासांचे डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, गोळ्या सुरू झाल्या. त्याच आठवड्यात मी घाईघाईने गॅसचा गिझर काढून विजेचा बसवला — सुहासला म्हटलं, म्हाताऱ्या माणसाला हा सोपा. त्याला माझं कौतुक वाटलं. आणि वास थांबला. थांबणारच ना! पण सगळे म्हणाले, गोळ्या लागू पडल्या. डॉक्टर म्हणाले, मग बंद करायच्या नाहीत. आईसुद्धा म्हणाल्या, "माझाच डोक्या फिरला होता गो."

त्या गोळ्यांनी आई दिवसभर पेंगतात. हात कापतात. बाजारात जाणं सोडलं, चष्मा लावून पेपर वाचणं सोडलं. शेजारणीला सांगतात, सुनेमुळे वाचले. घरात काही करपलं तर आधी माझ्याकडे बघतात, मी मान हलवली तरच करपलं असं म्हणतात.

गोळी मीच देते. सुहासला वेळ लक्षात राहत नाही. आज सकाळीही दिली. त्यांनी कापरा हात पुढे केला, मी गोळी ठेवली, आणि त्या गिळेपर्यंत पाण्याचा पेला धरून उभी राहिले.