आक्काच्या गाडीवरचं स्टिकर

आक्का म्हणजे माझी आत्या, बाबांची थोरली बहीण. घरात लहानथोर सगळे तिला आक्काच म्हणत. ती मात्र बाबांना, डोक्यावर टक्कल पडलं तरी, बाळ्याच म्हणायची.

ती दवाखान्यात एक्स-रे काढायची. जन्मभर लोकांना "श्वास आत घ्या, धरून ठेवा, हलू नका" सांगून तिच्या साध्या बोलण्यालाही हुकमाची धार आली होती. चहा घे म्हटलं तरी समोरचा ताठ उभा राहायचा. लग्न तिनं केलं नाही. आजोबा लवकर गेले, मग धाकट्या भावाचं शिक्षण, मग त्याचं दुकान, मग त्याचा संसार. दर वेळी तिचं काहीतरी पुढं ढकललं गेलं, आणि ढकलता ढकलता निवृत्ती समोर दिसायला लागली. तेव्हा तिनं गाडी घेतली. कोणाची वापरलेली नाही, कोरी करकरीत, गडद निळी. घरात कोणाला विचारलंही नाही.

"या वयात?" बाबा म्हणाले.

"मग कधी? तिरडीवरून शोरूमला जाऊ?"

गाडीचा रंग म्हणजे तिचा जीव की प्राण. आमच्या इमारतीच्या मागं बाबांच्या मालकीची पार्किंगची जागा होती आणि तिच्यावर एक झाड वाकलेलं होतं. झाडाचा चीक आणि पाखरांची घाण तशीच राहिली तर रंगाला खाते, म्हणून ती दर रविवारी सकाळी बादल्या घेऊन उतरायची. आधी नुसत्या पाण्यानं धूळ वाहून घालवायची, मग शाम्पू, मग मऊ कापड. कोरड्या फडक्यानं गाडी पुसणारा माणूस तिच्या लेखी खुनी होता. "धूळ म्हणजे बारीक वाळू. ती रंगावर घासायची म्हणजे घासणीनं गाल पुसायचे," असं ती सांगायची. मधूनमधून वॅक्सची पाळी यायची. गाडी सावलीत गार होऊ द्यायची, गोल स्पंजनं वॅक्सचा पातळ थर द्यायचा, तो सुकून पांढुरका झाला की स्वच्छ कापडानं उतरवायचा. मग ती गाडीवर ओंजळभर पाणी टाकायची. पाण्याचे मोती होऊन घरंगळले की तिचा चेहरा उजळायचा.

"काय आक्का, झाली का लेकीची वेणीफणी?" तळमजल्यावरचे शिंपीकाका विचारायचे.

"झाली. तुमच्या गाडीनं जन्मल्यापासून तोंड धुतलंय का?"

शिंपीकाका पुन्हा त्या वाटेला जायचे नाहीत. निदान पुढच्या रविवारपर्यंत.

बाबांचं दुकान न्हाणीघराच्या सामानाचं. नळ, फरशा, बेसिनं. आक्काची दवाखान्यात ड्युटी असली की ते आपली जुनी गाडी तशीच ठेवून खुशाल तिची गाडी काढून गिऱ्हाइकांकडं जायचे. ती बिचारी बसनं कामावर. किल्ली कुठं असते ते त्यांना ठाऊक होतं, आणि विचारायचं असतं हे त्यांच्या गावीही नव्हतं. "घरचीच गाडी आहे," एवढं म्हटलं की त्यांच्या दृष्टीनं विषय संपायचा. आक्का कुरकुरायची, पण भाऊ म्हणून सोडून द्यायची.

एका दुपारी ती कामावरून आली आणि पार्किंगमध्येच थबकली. गाडीच्या मागच्या दारावर या टोकापासून त्या टोकापर्यंत स्टिकर लावलेलं होतं. बाबांच्या दुकानाचं नाव, फोन नंबर, आणि मधोमध पांढराशुभ्र, चकाकणारा कमोड.

मला वाटलं, आता आभाळ कोसळणार. ती आरडाओरडा न करता वर आली आणि मला म्हणाली, "तुझं केस वाळवायचं मशीन दे. आणि ती लांब वायर."

ती खाली गेली, स्टिकरच्या एका कोपऱ्यावर गरम वारा धरला आणि डिंक सैल पडल्यावर नखानं हळूच उचलायला लागली. जखमेवरची पट्टी सोडवावी तसं. गॅलऱ्यांमधून माणसं डोकवायला लागली. बाबा जिना उतरून आले.

"आक्का, अगं नवं आहे ते. मुद्दाम करून घेतलंय."

"असेल."

"रस्त्यानं शंभर लोक बघतात. फुकटात जाहिरात होते."

"तुझ्या गाडीवर का नाही लावलंस मग?"

बाबा खरं बोलून गेले. "तिच्यावर बरं दिसत नाही."

वरच्या गॅलरीतून कोणीतरी फसकन हसलं. त्या हसण्यानं बाबांचे कान लाल झाले.

"एवढाच तोरा असेल तर ही जागा माझ्या नावावर आहे. उद्यापासून दुसरीकडं लाव."

आक्कानं उरलेला डिंक तेलाच्या बोटानं पुसून काढला, दार धुतलं, कोरडं केलं, त्यावर वॅक्स चढवलं. ते सगळं होईपर्यंत तिनं मान वर केली नाही. मग म्हणाली, "बरं. किल्ली आजपासून माझ्या पर्समध्ये."

आठवड्याभरात तिनं सुतारकामाच्या कारखान्यामागं दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. त्यांना गाडीपुरती पत्र्याची शेड होती. सामान बांधताना आई तिच्या शेजारी बसून भांडी कागदात गुंडाळत होती. "मला न्या हो बरोबर," आई हसत म्हणाली. पण ते सगळंच हसण्यावारी नव्हतं.

नातेवाइकांनी तोंडसुख घेतलं. एका स्टिकरपायी सख्ख्या भावाचं घर सोडलं म्हणे. मी हे तिच्या कानावर घातलं तेव्हा ती म्हणाली, "स्टिकरपायी नाही. त्याला विचारावंसं वाटलं नाही, त्यापायी. गाडीबद्दल नाही वाटलं आणि त्याआधी कशाहीबद्दल नाही."

पुढं दवाखान्याच्या फाटकात गाडी मागं घेताना तिच्याच हातून मागचं दार खांबाला घासलं. चांगला हातभर ओरखडा. मी धास्तावून तिच्या नव्या घरी गेले, तर ती पत्रा गंजू नये म्हणून त्यावर रंगाच्या बाटलीतल्या ब्रशनं निळी रेघ ओढत बसली होती. रेघ वाकडी आली होती. ती गुणगुणत होती.

तेवढ्यात बाबा आले. भांडणानंतर पहिल्यांदाच. गाडीभोवती एक फेरी मारून ओरखड्यापाशी थांबले.

"बघ. आमच्या स्टिकरनं तरी एवढं झालं नव्हतं."

"नव्हतं," ती म्हणाली. "हा मी पाडलाय."

बाबा बॉनेटवर कोपर टेकून उभे राहिले.

"बाळ्या, कोपर काढ," आक्का म्हणाली. "वॅक्स सुकतंय. आणि आत जाऊन बस, चहा टाकते."