डबा लावल्यावर

चैत्रात माझी पत्नी गेली. सुतकात शेजारून जेवण आलं, पुढे मी खानावळीचा डबा लावला. मागच्या अंगणात संत्र्याच्या खोक्यात तिने खतासाठी गांडुळं पाळली होती. उन्हाळ्यात वरचं गोणपाट ओलं ठेवायचं, एवढंच मला ठाऊक होतं. ते मी नेमाने करीत होतो, तरी गांडुळं कमी होत चालली.

तिची भाजीवाली अजून दारावर थांबत असे. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. एकदा मी तिला खोकं दाखवलं. तिने पदराला हात पुसून माती बोटांनी हलकेच उकरली.

"मास्तर, पानी तं हाये. पन खायाले काईच नाई. तुमी डबा लावला, ह्याइनं काय लावावं जी?"

"भाजीच चिरत नाही, तर सालं कुठून येणार?"

"मंग चिरा ना! हात हायेत न तुमाले?" तिने टोपलीतली लौकी काढून माझ्या हातात दिली.

त्या दिवशी मी स्टोव्ह पेटवला. भाजी करपली, सालं खोक्यात गेली. पावसाळ्यात खोकं विटांवर ठेवायचं, थंडीत पोतं दुहेरी घालायचं, हेही पुढे तिनेच सांगितलं.

ती येईनाशी झाली त्याला बरीच वर्षं झाली. गांडुळं आहेत. मी दोन्ही वेळचा स्वयंपाक करतो.