नळीतलं पुसलेलं तेल

खामगावच्या तेलगिरणीत मोठ्या टाकीत सरकी शिजवणाऱ्या हैदरचं डोकं भट्टीआधी तापायचं. दसऱ्याच्या पूजेआधी तो झाडणाऱ्या शालूबाईवर खेकसला, "टाकीवर तेलाचा थेंब राह्यला तर याद राख." तिने भीतीपोटी थर्मामीटर बसतो त्या नळीतलं तेलही पुसून टाकलं. त्या तेलातूनच टाकीची उष्णता पाऱ्यापर्यंत पोचायची. दुसऱ्या दिवशी पारा चढेना. हैदर त्याला शिव्या घालत जाळ वाढवत राहिला आणि सगळी सरकी कोळसा झाली.

"खोटारडं यंत्र," तो ओरडला.

"ते काऊन खोटं बोलन? तेल तुम्हीच पुसाले लावलं," शालूबाई कडाडली. "करपल्याचा वास पार बाजारात गेला, हैदरभाई. तुम्ही आपले पाऱ्याशीच भांडून राह्यले."