मागे घेतलेला पाय

लोक देवीच्या दर्शनाला भक्तीने जातात. त्या मंगळवारी मी अंबाजोगाईला योगेश्वरीकडे गेले ती भांडायला. सोबत माझी सोळा वर्षांची रेणू होती. घाटनांदूरहून निघालेल्या एस.टी.त बसायला जागा असूनही ती सबंध वाट उभी राहून आली, कारण बसलं की कंबरेतून कळ निघायची आणि डाव्या पायाला पोटरीपर्यंत मुंग्या यायच्या. तालुक्याच्या खो-खो संघात निवड झालेली पोर. पुन्हा पळेल की नाही, हेच आता कोणाला सांगता येत नव्हतं. आणि तिची ही दशा केली होती माझ्या पायाने.

मी पायाळू आहे. जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले. कुणाच्या पाठीत उसण भरली की पायाळू माणसाने तीन दिवस सकाळी पाठीला पाय लावायचा, म्हणजे उसण उतरते, असं आमच्याकडे मानतात. त्यामुळे लहानपणापासून माझ्या पायाला भारी मान. सरपंच माझ्यासमोर पालथे पडले आहेत, हेडमास्तर पडले आहेत. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई महिनाभर माझ्याशी धड बोलल्या नव्हत्या. एक दिवस घागर उचलताना त्यांची पाठ धरली आणि त्याच मुकाट अंगणात पालथ्या झाल्या. सासूच्या पाठीवर पाय ठेवूनही सुखाने नांदणारी गावातली मी एकटीच सून, असं मी हसत सांगत असे. खरं सांगायचं तर हा गुण देवीने मला निवडून दिला आहे असं वाटायचं, आणि त्याचा मला फार गर्व होता.

रेणू सरावात गड्याला बाद करायला सूर मारताना वेडीवाकडी पडली. तिच्या सरांनी डॉक्टरला दाखवायला सांगितलं. मी म्हटलं, घरात पायाळू असताना डॉक्टर कशाला? तीन दिवस हलका पाय लावला. तिला जरा बरं वाटलं, ती मैदानावर गेली आणि दुप्पट दुखणं घेऊन परत आली. मग माझी जिद्द पेटली. गावाची पाठ बरी करणारा पाय पोटच्या पोरीला लागू पडत नाही म्हणजे काय! चौथ्या दिवशी मी सगळं वजन टाकलं. ती जी ओरडली, ते ओरडणं मला आजही ऐकू येतं. त्यानंतर डाव्या पायाच्या मुंग्या सुरू झाल्या. रेणूचे वडील मला एका शब्दानेही टाकून बोलले नाहीत, त्याचंच जास्त लागलं.

तर त्या मंगळवारी रेणूला सभामंडपात खांबाला टेकून उभं केलं आणि मी देवीसमोर गेले. ओटी भरली नाही, हातही जोडले नाहीत. म्हटलं, गुण दिलास तर माझ्याच लेकराच्या वेळी का म्हणून पाठ फिरवलीस? नको मला तुझा गुण. हा पाय आता कोणाच्या पाठीला लावणार न्हाई. एवढं बोलून डोळे पुसत वळले, तोच शेजारी एक सत्तरीची बाई दंडवत घालून उठताना तशीच वाकलेली राहिली. पाठ धरली होती. गर्दी जमली, आणि दाराशी ओटीचं सामान विकणारी आमच्या गावची सोजरबाई ओरडली, "अवो, ह्या पायाळू हायत! लई गुण हाय यांच्या पायाला. लावा की ओ पाय!"

लोकांनी मला वाट करून दिली. आयुष्यात पहिल्यांदा मी पाय मागे घेतला. "न्हाई लावणार," मी म्हटलं, आणि भर मंडपात मला रडू फुटलं. "ह्याच पायानं माझ्या लेकीची पाठ बिघडवलीया. मला कायबी येत न्हाई."

मागच्या रांगेतून पन्नाशीची एक बाई पुढे आली. त्या आजींची ती मुलगी. कुलदेवतेच्या दर्शनाला दोघी पुण्याहून आल्या होत्या. तिने आईला हळूच कुशीवर निजवलं, कंबरेशी हात ठेवून दोन-चार सूचना दिल्या, आणि आजी थोड्या वेळाने उठून बसल्या. मग ती माझ्याकडे वळली. "ताई, लेक कुठे आहे तुमची?"

मणक्यांवर आणि सांध्यांवर हाताने उपचार करण्याचं, कायरोप्रॅक्टिक म्हणतात ते शास्त्र ती शिकलेली होती. खेळाडूंच्या दुखापती बऱ्या करून त्यांना परत मैदानावर उभं करणं हेच तिचं काम. तिने रेणूला तिथेच फरशीवर निजवून एकेक पाय उचलून पाहिला, अंगठे दाबून पाहिले. माझी समजूत अशी की आता ही मणके कडाकडा वाजवणार. तिने पाठीला बोटही लावलं नाही. "आधी तपासणी. मणक्यांमध्ये काय झालंय ते कळल्याशिवाय हात लावणं म्हणजे अंधारात दगड मारणं," एवढं बोलली आणि लातूरच्या आपल्या एका शिष्याला फोन लावला. निघताना तिने मला जे सांगितलं ते मी रोज आठवते. म्हणाली, "तुम्ही पाय लावला असतात ना, तर मी तुम्हाला चार शब्द सुनावून आईला घेऊन निघून गेले असते."

लातूरला तपासणी केली तेव्हा कळलं, मणक्यांमधली गादी सरकून शिरेवर दाब आला होता. ऑपरेशन टळण्यासारखं होतं, पण घाई केली तर टळणार नव्हतं. दर गुरुवारी आम्ही त्या शिष्य डॉक्टरांकडे जाऊ लागलो. पहिल्या दिवशी त्या डॉक्टरांनी रेणूला गुडघे उभे करून निजवलं आणि श्वास घ्यायला शिकवलं. मी मनात म्हटलं, श्वास ती जन्मल्यापासून घेतेय, त्यासाठी लातूर कशाला गाठायचं! पण गप्प बसले. गप्प बसणं हाच माझा पहिला उपचार होता. पुढे मापात हाताचे उपचार, मग एका पायावर उभं राहणं, मग चालणं. जिल्ह्याची स्पर्धा तिच्याविना झाली. रेणू कधी चिडायची, कधी उशीत तोंड खुपसायची. गावात बोलणं सुरू झालं की हिच्या पायाचा गुण गेला. मी म्हणायचे, गेला असंल, देवीचाच होता.

दोनेक महिन्यांनी डॉक्टरांनी एक व्यायाम दिला. रेणूने पाठीवर निजून आपला तळपाय माझ्या तळपायाला लावायचा आणि रेटायचं. "आई, तुम्ही ढकलायचं नाही हां," ते हसत म्हणाले. "तुमचा पाय फक्त तिथे पाहिजे." वाटतं तितकं सोपं नव्हतं ते. तीस वर्षं दाबायला शिकलेला माझा पाय. त्याला नुसतं थांबायला शिकवताना मला घाम फुटायचा. रोज सकाळी अंगणात आम्ही मायलेकी तळव्याला तळवा लावायचो. आधी तिचा पाय थरथरायचा. मग हळूहळू एवढा जोर आला की मीच मागे सरकू लागले. "आई, टिक की!" ती खिदळायची.

पुढच्या वर्षी बीडला जिल्हा स्पर्धेत ती उतरली. खो-खोत बसलेल्या गड्याच्या पाठीवर थाप मारून खो देतात. रेणूला सगळी भीती त्या थापेची होती; सरावातही ती दचकायची. मैदानात जाण्याआधी ती धावत माझ्याकडे आली, बूट काढला आणि मातीतच बसली. "आई, पाय दे." हजार लोकांत मी चप्पल काढून तिच्या तळव्याला तळवा लावला. तिने एकदा जोरात रेटलं, बूट चढवला आणि गेली.

ती आपल्या चौकोनात बसली. मागून हात आला, पाठीवर थाप पडली, "खो!" मी डोळे मिटले होते. उघडले तेव्हा रेणू उठून सुटलीही होती, आणि खांबाजवळ सूर मारून तिने समोरची मुलगी टिपली. उठली, अंगावरची माती झटकली, आणि सगळ्यांत आधी माझ्याकडे पाहिलं. मी काय ओरडले ते मला आठवत नाही. शेजारच्या बायका अजून नक्कल करतात.

आजही कोणी उसण घेऊन दारात येतं. मी चहा पाजते, देवीचा अंगारा लावते आणि डॉक्टरकडे धाडते. भक्तीने गर्व जातो म्हणतात. माझा काही गेला नाही बाई. पूर्वी तो माझ्या पायाचा होता, आता लेकीच्या पाठीचा आहे. परवा योगेश्वरीला ओटी भरताना तिला हेही सांगितलं, आणि त्या दिवशी जोडायचे राहिलेले हात पुष्कळ वेळ जोडून उभी राहिले.