लघवीच्या कार्डावरची दुसरी रेघ

माणसं जिथे लाजत लाजत पिशवीतून बाटली काढतात, तिथे किस्से नाही साचणार तर काय! लालबागच्या आमच्या छोट्या दवाखान्यात केसपेपरांपेक्षा किस्सेच जास्त झालेत. मी शाळेपासून डॉक्टरकीपर्यंत सगळं परदेशात शिकले आणि एकच ध्यास घेऊन परतले: गिरणगावात कुणीही 'साधा खोकला' म्हणत म्हणत जाता कामा नये. सोबतीला सिस्टर सुनंदाताई आणि टेस्टच्या कार्डांचं एक खोकं. लघवीत बुडवलेला बोळा कार्डात ठेवायचा, औषधाचे थेंब टाकायचे, पंधरा मिनिटं थांबायचं. एक रेघ म्हणजे कार्ड चालू आहे. दुसरीही उमटली, तर न्यूमोनियाचा नेहमीचा जंतू सापडला!

*

दवाखाना उघडला त्या दिवशी नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं ते वरच्या मजल्यावरच्या भाऊंनी. भाऊ गिरणीतले जुने कामगार, मूळचे मालवणकडचे. चाळीत बारसं असो की नवा टेम्पो, देवापुढे मागणं मांडायचं भाऊंनी आणि जमलेल्यांनी प्रत्येक मागण्याला होकार भरायचा.

"बा देवा म्हाराजा! ह्या चेडू लांबसून इला आसा. तेच्या हाताक यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अख्खी चाळ गरजली.

मग भाऊ खोकले. चांगले वाकून खोकले. मी लगेच स्टेथोस्कोप काढला.

"ठेव गो तो," भाऊ म्हणाले. "गिरणीचो खोकलो हा. गिरणी बंद पडली, खोकलो अजून तिन्ही शिफ्ट करता!"

*

"खोकलो छातीत आणि तू मागतस लघवी?" भाऊंच्या बायकोने, म्हणजे चाळीच्या काकींनी, एकदा मला चारचौघांत विचारलं.

मी खूश! जंतूंचे बारीक तुकडे फुप्फुसातून रक्तात कसे उतरतात, रक्तातून मूत्रपिंडात कसे येतात, सगळं हातवारे करून सांगितलं. मूत्रपिंडापर्यंत पोचले तेव्हा काकी जांभई देत होत्या.

"मॅडम, थांबा," सुनंदाताई म्हणाल्या. "काकी, चोर छातीत लपलाय. त्याच्या चपला मोरीतून वाहत बाहेर येतात. आम्ही चपला बघून चोर ओळखतो."

काकींनी नीट विचार केला.

"मगे चोर आता अनवाणी?"

*

ठाकूरद्वारहून एक तरुण आजीचा नमुना घेऊन आला. पोरगा मोठा गुणी. येताना सुनंदाताईंसाठी घरचं लिंबू सरबतही आणलेलं. दोन बाटल्या, दोन्ही सारख्या.

"यातली सरबताची कुठली?" ताईंनी विचारलं.

तो गडबडला. "ताई... जी थंड आहे ती."

दोन्ही थंड होत्या. नमुना फ्रिजमध्ये ठेवा, असं फोनवर मीच सांगितलं होतं!

*

माहीमच्या एका आजींच्या कार्डावर दोन ठसठशीत रेघा उमटल्या. सून शेजारीच उभी होती. दोन रेघा बघून तिचा चेहरा पांढराफटक! आजींचं वय सत्तरीच्या पुढचं, पण सुनेला दोन रेघांचा एकच अर्थ ठाऊक.

मी तिला बाजूला घेऊन समजावलं. तिने छातीवर हात ठेवला, मोठा श्वास सोडला आणि आजींच्या गळ्यातच पडली.

"आई, न्यूमोनिया आहे! थँक गॉड!"

आजी बऱ्या होऊन गेल्या. जाताना हळूच मला म्हणाल्या, "सून माझी प्रेमळ आहे हो, पण जरा विचित्र आहे."

*

आणि मग वरच्या खोलीत भाऊच आजारी पडले.

ताप, धाप, ओठांवर निळसर झाक. मी इंजेक्शन दिलं, पण त्यांना ऑक्सिजन हवा होता, हॉस्पिटल हवं होतं. भाऊ ऐकेनात. "गिरणीच्या खोकल्याक औषध नाय. मगे थय जावन कित्या मरू? हयच बरो."

"भाऊ, हा तो खोकला नाही. हा नवा आहे. बरा होणारा आहे!"

"दाखव."

तपासायला कफही सुटत नव्हता. मी कार्ड पुढे केलं.

"दुसरी रेघ इली तर येतंय," भाऊ म्हणाले. "नाय इली तर माका हलवू नको."

एकच रेघ आली म्हणजे न्यूमोनिया नाही, असं नसतं. पण ते भाऊंना कोण पटवणार? हट्टाला पेटलेला मालवणी माणूस!

बाटलीवरून पुन्हा अडलं. संडास गॅलरीच्या टोकाला. घरात नको म्हणाले, भांडं नको म्हणाले. "जे गॅलरीतसून गणपती हाडलंय, थयसून बाटली घेवन सगळ्यांदेखत चलू?"

काकी उठल्या. बाहेर गेल्या. थोड्या वेळाने एकेक दार लागल्याचा आवाज यायला लागला. आमच्या चाळीत दिवसा दार लावत नाहीत. त्या दिवशी गॅलरीतली सगळी दारं बंद होती, टीव्ही बंद होते, आणि भाऊ सुनंदाताईंच्या खांद्यावर हात टाकून रिकाम्या गॅलरीतून गेले आणि आले.

*

कार्ड स्टुलावर ठेवलं. पहिली रेघ आली. दारं पुन्हा उघडली, माणसं उंबऱ्याशी जमली.

"गाऱ्हाणा घाला रे कोणीतरी," काकी म्हणाल्या.

सगळ्यांनी सवयीने भाऊंकडे बघितलं. भाऊंना श्वास पुरत नव्हता.

मग मीच हात जोडले. मला धड मालवणी येत नाही.

"बा देवा महाराजा..."

"व्हय म्हाराजा," दबक्या आवाजात सगळे म्हणाले.

"आमच्या भाऊंच्या कार्डावर... दुसरी रेघ येऊ दे रे महाराजा!"

उंबरा गप्प. घरच्या माणसासाठी आजार कोण मागतं? काकी माझ्याकडे बघतच राहिल्या. सुनंदाताई कधी कुठल्या देवाला हात जोडत नाहीत. त्यांनी भाऊंचा हात धरला होता.

तेवढ्यात खाटेवरून आवाज आला. फाटका, अर्ध्या श्वासाचा, पण भाऊंचाच.

"व्हय... म्हाराजा."