लहानू वेल्डर आणि वाकडा ओळंबा

पद्मिनीताईंच्या तात्यापारा मोहल्ल्यातल्या घरात पोह्यांच्या फोडणीचा ठसका अजून रेंगाळत होता, तेवढ्यात दारावर थाप पडली. काल बसवलेल्या फाटकाची कडी दोन बोटं चुकत होती, म्हणून त्यांनीच ते बसवणाऱ्या लहानू वेल्डरला बोलावलं होतं.

लहानू अठ्ठावीस वर्षांपासून बीरगांवच्या एका दुकानात वेल्डिंग करतो. दुकानात काळ्या काचेचा शिल्ड एकच. विश्वकर्मा पूजेला त्याला हार पडतो, काचेवर कुंकवाचं स्वस्तिक निघतं. देवापुढची वस्तू रोज तोंडाला कोण लावणार? म्हणून तो वर्षभर खिळ्यावर, आणि लहानूच्या डोळ्यांवर फुटपाथवरचा गॉगल. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं झालं की झोपताना वर बटाट्याच्या चकत्या ठेवायच्या. सकाळी डोळे उघडले की हा बरा! दुकानाचे शेठ त्याला वाघ म्हणतात. वाघाला शिल्ड मागता येत नाही.

फाटक पाहून वाघ म्हणाला, "फाटक सरळ हाय दीदी, भिंतच वाकडी."

पद्मिनीताईंचे यजमान श्यामराव ओळंबा घेऊन बाहेर आले. रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून ते अशाच संधीची वाट पाहत असतात. दोरी सोडली, वजन स्थिरावलं. फाटक चक्क बाहेर झुकलेलं.

लहानू दोरीकडे टक लावून म्हणाला, "साहेब, तुमचा ओळंबाच मधी वाकडा दिसून राहिला."

श्यामराव इतके हसले की चष्मा सावरावा लागला. वजन टांगलेली दोरी वाकडी, असा शोध लावणारा हा पहिलाच. पद्मिनीताईही हसल्या, पण अर्ध्यावरच थांबल्या. लहानू कोंबडीसारखी मान तिरपी करून ती दोरी डोळ्याच्या कोपऱ्यात पकडू पाहत होता.

चहा देऊन त्यांनी विचारलं, असं कधीपासून?  मग हळूहळू निघालं. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी महिन्याभरापूर्वीच सांगितलं होतं: आतल्या पडद्याच्या मधोमध डाग पडलाय. वेल्डिंगच्या लखलखाटानं आणि त्यातल्या न दिसणाऱ्या किरणांनी वर्षानुवर्षं थोडं थोडं भाजत आलंय. चष्म्यानं हे जायचं नाही. उरलंय ते वाचवायचं तर शिल्डशिवाय काम बंद.

आत्ताच शेठला फोन करते, म्हणत पद्मिनीताई उठल्या. लहानूनं कप खाली ठेवला.

"करा फोन, दीदी. लहानूनं फाटक बिघडवलं म्हणून मले शिव्या द्या. फक्त डोळ्याचं सांगू नका."