रांगेत ओढलेली बाही

शकुंतला मावशीचं नाव आधी लिहिते. बीड जिल्ह्यातल्या कडा गावच्या वसतिगृहात ती आम्हाला भाकरी करून घालायची. ती नसती तर हे लिहायला मी नसते.

आई-बाप कर्नाटकात ऊस तोडायला गेलेले. मी नववीत. वसतिगृह ज्यांच्या घरचं, त्या बाईसाहेबांनी जेवणाच्या रांगेत माझी बाही खसकन वर ओढली. हातावरचे वण सगळ्यांनी बघितले.

"बघा गं, ऊसतोड्याची राणी! नाटकं शिकली. मरायचं तर बापाच्या उसाच्या फडात जाऊन मर. माझं नाव कशाला घालवतीस?"

पोरी हसल्या. माझी मैत्रीणसुद्धा.

नाटक नव्हतं. आतला कालवा गप व्हावा म्हणून मी स्वतःला दुखवायची. सांगणार कुणाला? आम्हा पोरींत एक म्हणणं होतं, जी बोलते ती मरत नाही. म्हणून बोलणारीला हसायचं, अन् गप्प बसणारीकडं बघायचंच नाही.

दुपारी बाईसाहेबांनी बापाच्या टोळीच्या मुकादमाला बोलावलं. त्यानं माझ्यासमोरच बापाला फोन लावला. "पोरीचं लगीन लावून टाका. नवरा-बायकोची जोडी म्हंजी एक कोयता, आगाऊ पैसा बी जोडीलाच मिळतो. कामाला लागली की डोकं बी ठिकाणावर येतंय."

बाप हो म्हणाला.

मी पाण्याच्या टाकीमागं जाऊन बसले. मावशी आली. हाताला पीठ तसंच.

"मरावं वाटतंय का तुला?"

असं सरळ कुणी विचारलं नव्हतं. "व्हय."

ती ओरडली नाही. "बरं झालं बोललीस. आता तुला एकटी सोडत न्हाई. चल, बीडला दवाखान्यात."

फाटकात बाईसाहेब आडव्या. "वेडीचा शिक्का बसंल. कोण बायको करील हिला?"

मी मावशीचा हात धरला. तोंडातून निघालं, "नाटक न्हाई, बाईसाहेब. मला मरावं वाटतंय, अन् लई भ्या वाटतंय. मी जाणार."

गेलो. डॉक्टरीणबाईंनी बापाला बोलावून समजावलं, लग्न टळलं. बाईसाहेबांनी वसतिगृहाचं दार मात्र आम्हा दोघींना बंद केलं. माझी शाळा गेली, मावशीचं काम गेलं.

आता मी पुण्याकडं शिलाईच्या कारखान्यात. भीती गेलेली नाही. कधी कधी उठतानाच छातीवर बसलेली असते. मग मावशीला फोन करते, गोळी घेते, कामाला जाते.

खोलीत परभणीकडची नवी पोरगी आलीय. जेवत नाही, भिंतीकडं तोंड करून पडते. काल तिला मावशीचाच प्रश्न विचारला, मरावं वाटतंय का. ती हो म्हणाली. आज मी खाडा केलाय, तिला घेऊन दवाखान्यात चाललेय.

मावशी, माझ्यापायी तुझी चूल विझली. एक दिवस माझ्या घरात, माझ्या हातची भाकरी तुझ्या ताटात वाढीन. अन् भ्या वाटलं तरी, एकाही पोरीला न विचारता सोडणार नाही.